सुरा चमकवू नका, गंज तेवढा काढा

सिल्लोडकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. माळवदाचं जुनं घर उतरवताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत एक सुरा, काडतुसांचा चामडी पट्टा आणि पाच सेलची पितळी बॅटरी. सुऱ्याचं पातं साडेआठ इंच, तांबडं गंजलेलं, मूठ शिंगाची, चीर पडलेली. फॅब्रिकेशनवाला मित्र म्हणतोय, बफिंगवर दहा मिनिटांत आरसा करून देतो. तर द्यावा का? आणि दुसरं, मक्यात रानडुकरं पडतात, जागली करून कंबरडं मोडलं. जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा ट्रेल कॅमेरा घ्यायचा तर कुठं आणि कसा लावायचा?

मित्राला चहा पाजा आणि सुरा घरी घेऊन या. बफिंगचं चाक त्याच्याजवळ सुद्धा नेऊ नका.

मी लोहाराच्या घरातला. भात्याची दोरी ओढत वाढलो, पुढं कन्नडला तीस वर्षं अवजारांचं दुकान चालवलं. हल्ली गौताळा अभयारण्याच्या कडेच्या गावांतून शेतकऱ्यांना कॅमेरे बांधून देतो. दोन्ही कामांत माझ्या हातून नासधूस झालेली आहे, म्हणून सांगतोय. नवीन ग्राइंडर घेतला तेव्हा एका म्हाताऱ्यांनी त्यांच्या वडिलांचा सुरा धारेला आणून दिला होता. मी ऐटीत चाकावर धरला. टोकाकडं पातं पातळ असतं, उष्णता तिथं साचते. डोळ्यांदेखत टोक आधी कडब्यासारखं पिवळं झालं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि मी हात मागं घेईपर्यंत मोरपिशी निळं. पिवळ्याला साधारण २२०-२३० अंश लागतात, निळ्याला ३०० च्या आसपास. लोहार पातं तापवून विझवतो, म्हणजे ते कडक होतं, आणि मग पुन्हा थोडं तापवून तो कडकपणा ठरवून उतरवतो. यालाच पाणी देणं म्हणतात, आणि ते कुठल्या रंगावर थांबवायचं हीच त्याची सगळी विद्या. सुरी पिवळ्यावर थांबते, स्प्रिंग निळ्यावर. म्हणजे मी त्या सुऱ्याच्या टोकाची स्प्रिंग करून ठेवली होती. धार लागली, पण आठ दिवसांत दुमडली. म्हातारे काही बोलले नाहीत. पैसे ठेवून गेले, ते मात्र जास्त लागलं.

बफिंगचा दुसरा तोटा असा की ते कड, कोपरा, ठसा काही ठेवत नाही, सगळं गुळगुळीत करून टाकतं. जुन्या पात्याची किंमत, मग ती बाजारातली असो की घरातली, त्या कडांमध्येच असते.

आता गंजाचं. तुम्ही ज्याला गंज म्हणता त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा तो खरा गंज. तो ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. त्याच्याखाली काळसर, घट्ट, बोटाला न लागणारा थर असतो, तोही लोखंडाचाच गंज, पण चिवट. तो पात्याचं रक्षण करतो. तांबडा काढायचा, काळा ठेवायचा. चुलीवरचा जुना तवा कुणी पॉलिश पेपरने पांढरा करतं का? तसंच हे.

हात लावण्याआधी पातं सकाळच्या तिरप्या उन्हात धरून नीट बघा. पाठीजवळ, मुठीला लागून काही अक्षरं किंवा ठसा आहे का? आपल्याकडं निजामाच्या काळातल्या पात्यांवर उर्दू अक्षरं सापडतात, कधी नुसत्या छिन्नीच्या तीन रेघा. गंज नसलेल्या जागी पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी बारीक नक्षी दिसते का? दिसली तर तिथंच थांबा आणि पात्याला पॉलिश पेपर लावू नका. किनवटहून आदिलाबाद ओलांडलं की निर्मळ लागतं. निर्मळ आणि त्याच्या दक्षिणेचं कोनासमुद्रम ही दख्खनी पोलादाची नावाजलेली गावं. मुशीत वितळवून केलेलं, टक्क्याच्या वर कार्बन असलेलं ते पोलाद जगात ‘वुट्झ’ म्हणून ओळखलं जातं. डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी १८२० च्या दशकात कोनासमुद्रमची भट्टी पाहून लिहून ठेवलेलं वर्णन १८३२ मध्ये छापलं गेलं. इराणचे व्यापारी तिथं पोलाद न्यायला येत असत. १९५६ पर्यंत तो भाग आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थान-राज्यात होते, बाजार एक होते. म्हणून शंभरात एखादं असं पातं आपल्याकडच्या पेटीत निघू शकतं. बाकीची नव्व्याण्णव बहुतेक गावच्या लोहारानं केलेली, आणि अलीकडची असली तर ट्रकच्या कमानपाट्याची. त्यात कमीपणा काही नाही. कमानपाटा सुरीला उत्तम.

मग मूठ. ‘शिंगाची’ एवढं लिहून भागत नाही, कारण इथं कायदा येतो. म्हशीचं शिंग काळं, गुळगुळीत, नखासारख्या पदार्थाचं असतं. तापलेली सुई आतल्या बाजूला टेकवली की केस जळल्याचा वास येतो. सांबराचं किंवा चितळाचं शिंग म्हणजे हाडच. बाहेरून खडबडीत, उभ्या खाचांचं, आणि कापलेल्या टोकाला बघितलं तर मध्ये स्पंजासारखी बारीक छिद्रं दिसतात. काळविटाच्या शिंगाला पिळाच्या कड्या असतात, ते लपत नाही. म्हशीचं असेल तर निश्चिंत राहा. बाकी दोन्हींपैकी असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती वन्यप्राण्यापासून केलेली वस्तू आहे. विकायची नाही, कुणाला भेट द्यायची नाही, परवानगीशिवाय कुठं न्यायची नाही, आणि मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का ते आधी शोधायचं. नसेल तर मूठ दुरुस्त करण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून सांगितलेलं बरं. ‘आजोबांच्या काळातलं आहे’ हे उत्तर पुरत नाही. आमच्या आजीकडं सांबरशिंगाचा तुकडा उगाळायला असायचा, तेव्हा कुणाच्या मनातही असलं काही नव्हतं. काळ बदलला.

सफाईचं काम आता सांगतो तसं करा, घाई नको. मुठीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधा. पात्याला रॉकेल लावायचं. रेशनचं रॉकेल आता मिळत नाही म्हणा, तर डिझेल चालेल, किंवा हार्डवेअरच्या दुकानातला गंज सोडवायचा स्प्रे. सुती कापडाची पट्टी त्यात भिजवून पात्याभोवती गुंडाळा, वरून पिशवी, आणि दोन दिवस विसरून जा. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली की तांबड्याचा चिखल झालेला असतो. तो पुसून घ्या. मग तांब्याचा किंवा पितळेचा एखादा सपाट तुकडा घ्या, मी वायरिंगमधली जुनी तांब्याची पट्टी वापरतो. तिची कड पात्यावर तिरपी धरून हलकेच ओढा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते गंजाचे खवले उचलतं, पण पात्यावर ओरखडा काढत नाही. ओढताना ‘खर्र’ असा आवाज येतो तिथं गंज आहे. आवाज बदलून ‘सर्र’ झाला की खाली काळा थर लागला, पुढं सरका. हा आवाज एकदा कानात बसला की डोळ्यांची गरज उरत नाही. पुन्हा रॉकेल, पुन्हा पट्टी, पुन्हा ओढणं. साडेआठ इंचाला तीन-चार संध्याकाळी लागतील. शेवटी शिल्लक राहिलेल्या ठिपक्यांना अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून. भांड्याची घासणी नको, ती दांडगी असते.

खड्डे पडले असतील तर ते तसेच राहू द्या. खड्डा जावा म्हणून आजूबाजूचं पोलाद घासून खाली आणायचं म्हणजे डोळ्याखालचा तीळ जावा म्हणून गाल सोलायचा.

लिंबू-मीठ कधीही लावू नका. चिंचेनं पितळ उजळतं म्हणून घरातल्या बायका लोखंडालाही तेच लावतात, आणि मीठ असलं की झालंच. आम्लापेक्षा मीठ वाईट. ते खड्ड्यांच्या तळाशी बसतं, उन्हाळाभर गप्प राहतं आणि पहिल्या मृगाच्या ओलीला पुन्हा तांबडं फुटतं. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवणं विळ्याला, कुऱ्हाडीला चालतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, कढत पाण्यातून काढायचं म्हणजे पटकन सुकतं, लगेच तेल. पण व्हिनेगर तुमचा काळा थरही खातं, म्हणून या सुऱ्याला नको. बॅटरी चार्जरनं गंज सोडवायची पद्धतही आहे. प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा, लाल चिमटा भंगार लोखंडाला, काळा अवजाराला. नांगराच्या फाळाला ती बहारीची आहे. त्यात भंगार म्हणून स्टेनलेस स्टील मात्र घालू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि काम उघड्यावर करा, टबातून निघतो तो हायड्रोजन वायू, ठिणगीला पेटतो.

मूठ हलत असेल तर ती ठोकून बसवू नका. जुन्या सुऱ्यांत पात्याचं शेपूट मुठीत लाखेनं बसवलेलं असतं, लाख आणि विटेची पूड. उष्णतेनं लाख मऊ पडते, म्हणून मुठीचं तोंड कढत पाण्याच्या वाफेवर धरलं की शेपूट आपोआप सरकतं. तीच लाख पुन्हा वितळवून बसवता येते. फेविक्विक किंवा एम-सील घालाल तर पुढच्या माणसाला मूठ फोडल्याशिवाय काम करता येणार नाही. शिंगाला थोडं खोबरेल पुरे. मूठ लाकडाची असती तर जवसाचं तेल सांगितलं असतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं. करडईचं अर्धवट सुकतं. जवसाचं मात्र हवेतच घट्ट होतं. फक्त एक जपा, जवसाच्या तेलात भिजलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना स्वतःच तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवायचा, नाहीतर पाण्यात बुडवून टाकायचा.

धार लावायची का, हे आधी ठरवा. भिंतीवर लावायचा असेल तर नका लावू, काही उपयोग नाही आणि पोरं असतात घरात. वापरायचाच असेल तर हातानं, पाण्याच्या दगडावर. पातं तीन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचला, म्हणजे वीस अंशांचा कोन आपोआप मिळतो. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर नख अडकेल अशी बारीक कड उलटेपर्यंत. मग बाजू बदला, मग दर घासणीला बाजू पालटत दाब कमी करत जा, आणि शेवटी न्हाव्यासारखं चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढा. दगड कोरडा वापरू नका. कानस धारेवर नुसतीच घसरली तर पाणी शाबूत आहे. कानस खात असेल तर कधीतरी कुणीतरी पातं चुलीत घातलेलं आहे. त्याला पुन्हा पाणी द्यायच्या भानगडीत पडू नका. जुनं पातं विझवताना तडकतं, वाकतं. माझे वडीलसुद्धा असलं काम दिवे लागल्यावरच हातात घ्यायचे, कारण उजेडात रंग फसवतो. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल अंधारातच ओळखू येतो.

साठवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल आणि कमावतानाचे क्षार धरून ठेवतं, पातं आतून कुजतं. पातं वेगळं, म्यान वेगळं, पात्यावर मेणाचा पातळ हात. पट्ट्यातही तीच कथा: पितळी काडतुसं चामड्यात राहिली की हिरवं कळकट साचतं. ते काडीनं काढा. रिकाम्या नळ्या असतील तर ठीक, पण एखादंही भरलेलं काडतूस असलं तर ते उघडायचं, ठोकायचं, उन्हात ठेवायचं नाही. परवाना नसताना जवळ ठेवणंही गुन्हा आहे, सरपंच किंवा पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यात जमा करा. बॅटरीतले सेल फुटून पांढरं-हिरवं झालं असेल तर खायच्या सोड्याचा ओला बोळा फिरवून कोरडं करा, एवढंच.

सुऱ्याबद्दल कायदा असा, की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती-शेतीकामाची नसलेली धारदार हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. तुमचं साडेआठ इंच आहे, रुंदीही मोजून घ्या. पण मापात बसला म्हणून कमरेला लावून बाजारात जाऊ नका. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागू असतात तेव्हा ते चालत नाही. आणि सुरा हातात घेऊन रील टाकायची तर अजिबात नाही. त्यापायी पोरं आत गेलेली आहेत.

आता रानडुकरं. कॅमेऱ्याच्या आधी तुमच्या आजोबांची विद्या लागते. शिकारी माणूस बंदुकीपेक्षा मागावर जास्त वेळ घालवायचा. तुम्हीही आधी दोन सकाळी बांधावरून हिंडा. डुक्कर ओढ्याच्या काठानं, झुडपाच्या आडोशानं येतं आणि बांधाला ठरलेल्या जागीच फोडतं. तारेला केस, चिखलात दोन खुरांमागं दोन बारीक ठिपके, लोळण घेतलेला खड्डा आणि शेजारच्या बाभळीला मांडीएवढ्या उंचीवर चिखल घासलेला. ती बाभळ म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची जागा. रोही, म्हणजे नीलगाय, उकिरड्यासारखा एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग करतो, आणि त्याला तारेवरून उडी मारता येते, म्हणून त्याची वाट वेगळी.

ट्रेल कॅमेरा हालचाल नव्हे, उष्णता हलताना बघतो. मागच्या जमिनीपेक्षा गरम किंवा थंड अंग समोरून गेलं की तो जागा होतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं तो आंधळा होतो. संध्याकाळी सातला माती अजून अंगाएवढी तापलेली असते, डुक्कर आणि ढेकूळ त्याला एकसारखंच. मध्यरात्रीनंतर बरा चालतो. पावसाळा-हिवाळ्यात उत्तम. पहिला कॅमेरा मी वाटेकडं तोंड करून, ज्वारीसमोर, पश्चिमेला बघत बांधला होता. चार दिवसांनी कार्ड काढलं तर बाराशेच्या वर फोटो, सगळे ज्वारीच्या हलत्या पानांचे आणि मावळत्या सूर्याचे. एकात माझ्याच बैलाचा कान. तेव्हापासून तोंड उत्तरेकडं. समोरचं गवत चार-पाच मीटरपर्यंत कापायचं. उंची गुडघ्यापासून मांडीपर्यंत. वाटेला काटकोनात नाही, तिरपं, साधारण पंचेचाळीस अंशांत. काटकोनात लावला तर कॅमेरा जागा होईपर्यंत जनावर पुढं गेलेलं असतं आणि हाती लागतं शेपूट.

घेताना मेगापिक्सेलवर जाऊ नका, जागा व्हायला किती वेळ लागतो ते विचारा. रात्रीच्या प्रकाशाचे दोन प्रकार असतात. ८५० नॅनोमीटरवाला लांब पोचतो, पण त्याचे दिवे मंद लाल दिसतात. ९४० वाला दिसतच नाही, पण पल्ला कमी. शेतासाठी ९४० घ्या. जनावरासाठी नाही, चोरासाठी. कार्ड ३२ जीबीचं पुरे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि तारीख-वेळ लावल्याशिवाय बांधू नका. कॅमेऱ्याचं झाकण मिटवताना रबराच्या कडेत काडी-कचरा राहिला तर मुंग्या आत अंडी घालतात. वानरं पट्टा ओढून बघतात, म्हणून एक तार जास्तीची.

फोटो मिळाल्यावर काय? कुठलं जनावर, किती वाजता आणि कुठून, हे कळलं की जागली रात्रभर नाही, दोन तास. भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन खात्याकडं अर्ज करा. फोटो पंचनाम्याऐवजी चालत नाही, पण ‘डुकरानं की तुमच्याच गुरांनी’ हा वाद मिटवतो. कुंपणात करंट सोडणं, क्लच वायरचे फास, हे ऐकूसुद्धा नका. करंटनं डुकराआधी शेजारचा माणूस मरतो. कॅमेऱ्यात कुणी फास लावताना दिसला किंवा बिबट्या आला तर गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी १९२६ ला फोन. जागेसकट फोटो फिरला की दुसऱ्या दिवशी शंभर माणसं बॅटऱ्या घेऊन शेतात.

आणि नुसती डुकरंच दिसतील असंही नाही. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात वाघ आल्याचं कॅमेऱ्यानंच दाखवलं, तो तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला. २०२४ च्या डिसेंबरात तिकडं धाराशिवच्या येडशी रामलिंगला तसंच. माझ्या एका गिऱ्हाइकाला तरस मिळाला, तो रात्रीत चार वेळा कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येऊन गेला होता आणि बिचाऱ्याला सहा महिने पत्ता नव्हता.

मुठीच्या कापलेल्या टोकाचा एक जवळून काढलेला फोटो आणि पात्याच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या उन्हातले फोटो पाठवा. छिद्रं दिसली तर दुरुस्तीचं पुढं बोलूच नये, आधी वन खात्याचं बघू. म्हशीचं निघालं तर मुठीला पडलेली चीर लाखेनं कशी भरायची ते लिहितो.